कपाळावरचा डाग आणि माझी ओळख

निरगुडी (धागाकर्ती)

नमस्कार. हा धागा काढावा की नाही, याचा विचार मी गेले दोन महिने करते आहे. निमित्त घरगुती आहे, पण प्रश्न माझ्या एकटीचा नसावा, म्हणून सविस्तर लिहिते.

मी त्रेपन्न वर्षांची आहे, कोथरूडला राहते आणि लेखापालाचे काम करते. चौतिसाव्या वर्षी माझ्या कपाळावर टिकलीच्या जागी तिच्याच आकाराचा एक फिकट ठिपका उमटला. तेव्हा मी तुळशीबागेतून पाकिटांनी टिकल्या आणत असे, आणि तो ठिपका टिकलीखालीच झाकला जात असल्यामुळे सहा-सात महिने त्याकडे माझे लक्षही गेले नाही. पुढे तो टिकलीच्या बाहेर आला, मग ओठांच्या कडेला, बोटांच्या पेरांवर आणि परकराच्या नाडीचा काच बसतो त्या रेषेवर दिसू लागला. त्वचारोगतज्ज्ञांनी कोडाचे निदान केले आणि पहिली सूचना दिली ती चिकटणारी टिकली बंद करण्याची.

त्यामुळे माझ्या चेहऱ्यात दोन बदल एकदमच झाले. कपाळावरचा रंग गेला आणि टिकलीही गेली. पहिल्या वर्षी लोकांना डागापेक्षा मोकळे कपाळच अधिक दिसले. संक्रांतीच्या एका हळदीकुंकवाला, मला फारशा न ओळखणाऱ्या एका बाईंनी माझ्या शेजारणीला कुंकू लावले, माझ्यासमोर क्षणभर थबकल्या, आणि नुसता तिळगूळ हातावर ठेवून पुढे गेल्या. माझे यजमान आहेत की नाहीत, हे त्यांनी माझ्या कपाळावर वाचून घेतले होते. त्याच्या पुढल्या वर्षी, डाग चांगला रुपयाएवढा झाल्यावर, दुसऱ्या एका घरी करंडाच माझ्यापुढे धरून 'तुम्हीच लावून घ्या' असे सांगण्यात आले. एकीने मला विधवा ठरवले आणि दुसरीने स्पर्शाने लागण होईल अशी रोगी. मी दोन्हींपैकी कोणीच नव्हते, तरीही दोन्ही वेळा घरी परतताना अपराधी मीच होते. हे अपराधीपण माझ्यात कोठून आले, ते मला आजवर नीट उलगडलेले नाही.

पुण्यात एक सोय आहे, जिचे मोल बाहेरच्यांना सहज कळणार नाही. येथे दुचाकीवरच्या बहुतेक मुली आणि बायका चेहऱ्याभोवती स्कार्फ गुंडाळतात, हातांत कोपरापर्यंतचे मोजे घालतात, आणि रस्त्यावर आम्ही सगळ्याजणी डोळ्यांपुरत्या उरतो. कोथरूडहून कॅम्पातल्या कार्यालयापर्यंतचा पाऊण तास हा कित्येक वर्षे माझ्या दिवसातला सर्वांत मोकळा वेळ होता. सिग्नलला शेजारी थांबलेली एखादी बाई पत्ता विचारी, मी सांगे, आणि त्या बोलण्यात माझ्या कपाळाचा काही संबंध नसे. कठीण जाई ते कार्यालयाच्या वाहनतळात स्कार्फची गाठ सोडणे. ती सोडण्यापूर्वी आजूबाजूला कोण आहे हे मी पाहून घेई, मग केसांची एक बट कपाळावर ओढी आणि त्यानंतरच वर जाई. एके दिवशी माझ्या ध्यानात आले की ही सवय आता केवळ वाहनतळापुरती राहिलेली नाही. बैठकीत बोलण्यापूर्वी, दुकानात पैसे पुढे करण्यापूर्वी, लहान मुलाच्या गालाला हात लावण्यापूर्वी, माझ्या आत कोणीतरी आधी माझ्या चेहऱ्याचा आणि हातांचा हिशेब करते आणि मगच मला परवानगी देते. लोक पाहतात आणि आपल्या कामाला लागतात. आतली ही पहारेकरीण मात्र रजा घेत नाही.

मधली सहा वर्षे मी रंग जुळवलेले मलम लावून डाग झाकत असे. रोजची चाळीस मिनिटे त्यात जात. नंतर कंटाळून मी ते सोडले, तेव्हा कार्यालयातल्या नव्या सहकाऱ्यांना वाटले की मला आत्ताच काहीतरी झाले आहे, आणि ते हळहळले. त्यांच्या लेखी जी बाई खरी होती, ती मी दररोज सकाळी सहा वाजता आरशासमोर बसून तयार करत होते.

आणखी एक गोष्ट सांगते, जी मी घरातही फारशी बोललेले नाही. एकोणीस वर्षे झाली, तरी स्वप्नात माझ्या चेहऱ्यावर डाग नसतात. तेथे मी टिकली लावलेली, सावळी, जुनीच असते. सकाळी आरशात दिसते ती बाई मला परकी वाटत नाही, पण 'मी' म्हटल्यावर मनात उभी राहते ती अजूनही दुसरीच आहे.

आता निमित्त. माझ्या मुलीसाठी स्थळे पाहणे चालू आहे. एका घरी बोलणी बरीच पुढे गेली असताना, आमच्याच नात्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी सुचवले की पाहण्याच्या कार्यक्रमाला मी समोर येऊ नये, 'पहिल्या भेटीपुरते तरी'. त्यांच्या मनात वाईट नव्हते, हे मी जाणते. माझी मुलगी संतापली, पण मी संतापले नाही, आणि मला त्याचेच अधिक भय वाटते. त्यांचे म्हणणे ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला तो 'बरोबर आहे' असा. आपण कोण आहोत, हे आपल्या रूपावरून लोक ठरवतात, इथपर्यंत मला समजते. पण ते ठरवणे आपण इतके आत कसे घेतो की आपल्याच घरच्या दाराआड उभे राहणे आपल्याला रास्त वाटावे?

अनुभव असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही लिहावे.

---

पर्वतीपायथा

ताई, आपण समोर यावे, एवढेच मला सांगायचे आहे. जी गोष्ट लग्नानंतर महिन्याभरात कळणारच आहे, ती आधी झाकल्याने आपल्या मुलीच्या संसाराच्या पहिल्याच दिवशी तिच्या माथी एक लपवाछपवी येईल.

---

वाचनमात्र

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. एरवी येथे लिहीत नाही, पण धाग्यात काही वैद्यकीय मुद्दे आले आहेत, ते स्पष्ट असलेले बरे.

कोडामध्ये त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट नावाच्या पेशी नष्ट होतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटल्यामुळे हे घडते, म्हणूनच अशा रुग्णांची थायरॉइडची तपासणीही आम्ही करून घेतो. कोड हा जंतूंमुळे होणारा आजार नाही आणि तो स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एक करंडा वापरल्याने पसरत नाही. जगात साधारण ०.५ ते २ टक्के लोकांना तो असतो आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये वयाच्या विशीआधीच सुरू होतो. कुष्ठरोगाशी त्याचा काहीही संबंध नाही. कुष्ठरोग जिवाणूमुळे होतो आणि त्याच्या चट्ट्यावर संवेदना कमी झालेली असते, तर कोडाच्या डागावर संवेदना पूर्ण शाबूत असते. आपल्या जुन्या भाषेत कोडाला 'श्वेतकुष्ठ' म्हटले गेले आणि त्या एका शब्दाने पिढ्यान्पिढ्या जे नुकसान केले, ते माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या चेहऱ्यावर मला आजही दिसते.

टिकलीविषयी. काही चिकट टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्यूटाइल फिनॉल हे रसायन असते आणि ते रंगपेशींना मारक ठरते. टिकलीच्या जागी, तिच्याच आकाराचा पांढरा डाग हे आपल्याकडच्या डॉक्टरांना परिचित असलेले चित्र आहे. डाग तेवढ्या जागेपुरता राहिला, तर टिकली बंद करणे हाच मुख्य उपाय असतो. मुळात कोडाची प्रवृत्ती असेल, तर तेथून सुरुवात होऊन तो इतरत्रही पसरू शकतो, आणि जेथे घर्षण होते तेथे, म्हणजे नाडीखाली, चपलेच्या पट्ट्याखाली, तो विशेष करून उमटतो. उपचारांत मलमांबरोबर ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा उपयोग आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने करावा लागतो. नव्या रंगपेशी मुख्यतः केसांच्या मुळांतून येत असल्यामुळे चेहरा चांगला प्रतिसाद देतो, पण बोटांची टोके आणि ओठ, जेथे केसच नसतात, तेथे फार संयम ठेवावा लागतो.

आनुवंशिकतेचा थोडा वाटा आहे. मात्र बहुसंख्य रुग्णांच्या जवळच्या नात्यात दुसऱ्या कोणालाही कोड नसते. मुलाकडच्यांनी विचारले, तर हे निःसंकोच सांगावे.

एक मुद्दा माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे. सुरुवातीची काही वर्षे मी डाग मोजत असे आणि रुग्णाला विचारत नसे. एकदा एका मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग बऱ्यापैकी परत आला, मी समाधानाने तिला आरसा दाखवला, आणि ती म्हणाली, "पण मी अजून फोटोत उभी राहत नाही." तेव्हापासून मी प्रत्येक भेटीत रुग्णाला एक प्रश्न विचारतो, की या महिन्यात डागामुळे आपण कोठे जायचे टाळले. निरगुडीताईंच्या आतली ती पहारेकरीण माझ्या दिव्यांनी हलत नाही, हे मला कबूल केले पाहिजे.

---

ऐसपैस

मी समाजशास्त्र शिकवतो. धागाकर्तीने जे अनुभवातून लिहिले आहे, त्यावर आमच्या विषयात बराच विचार झालेला आहे. चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली अशी मांडणी केली की आपण दुसऱ्याला कसे दिसत असू याची कल्पना करतो, त्या दिसण्यावर तो काय निवाडा देत असेल याचीही कल्पना करतो, आणि त्यातून अभिमान किंवा लाज मनात उपजते. यातल्या पहिल्या दोन्ही पायऱ्या कल्पनेच्या आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते. निवाडा प्रत्यक्षात दिला गेला नसला, तरी लाज खरीच असते. 'बरोबर आहे' हा जो विचार आपल्या मनात आधी आला, तो अशा हजारो कल्पित निवाड्यांचा साठा आहे. तो आपल्या स्वभावाचा दोष नव्हे.

अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली आणखी एक भेद दाखवला. ज्याचे वैगुण्य समोरच्याला दिसतेच, त्याला भेटीतला अवघडलेपणा सांभाळावा लागतो, आणि ज्याचे झाकता येते, त्याला माहिती सांभाळावी लागते, म्हणजे कोणाला ठाऊक आहे, कोणाला सांगावे, कोणापुढे कधी उघडे पडू. आपण मलमाची सहा वर्षे दुसऱ्या ओझ्याखाली काढलीत आणि ते सोडल्यावर पहिले ओझे घेतलेत. दोन्ही ओझी वाहिलेली व्यक्ती या विषयावर आमच्यापेक्षा अधिकाराने बोलू शकते.

आपल्या स्वप्नाचे मात्र उत्तर कूलीकडे नाही. आपली ओळख केवळ लोकांच्या नजरेचीच घडण असती, तर एकोणीस वर्षांत स्वप्नातलाही चेहरा बदलायला हवा होता. तो बदलला नाही, याचा अर्थ नजरेच्या आधी तयार झालेले काहीतरी आत शिल्लक आहे. ते काय असते, यावर मी वर्गात तासभर बोलू शकेन, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर माझे मलाच त्या बोलण्याने समाधान होत नाही.

---

जुना वाडा

धागाकर्तीला टिकली नसल्यामुळे विधवा समजले गेले, हे वाचून मला माझ्या आजीची आत्या आठवली. ती बालविधवा होती आणि शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात मागच्या खोलीत राहत असे. मी तिला पाहिलेले नाही. आजीने सांगितले ते सांगते.

या शहरात एके काळी नवरा गेलेल्या ब्राह्मण मुलीचे केस काढत, तिला तांबडे आलवण नेसवत, आणि तिने ते डोक्यावरून ओढून घ्यायचे असे. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू करून केशवपनासारख्या रूढींवर कठोरपणे लिहिले, १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, आणि १९०० साली त्यांचा आश्रम हिंगण्याला गेला, हा इतिहास पुणेकरांना पाठ आहे. पण केस काढण्यामागचा हेतू नीट पाहिला पाहिजे. त्या मुलीच्या शरीराला काहीही झालेले नसे. तिने स्वतःला काय समजावे, हे तिच्या मनावर कायमचे बिंबावे म्हणून तिचे रूप मुद्दाम बदलले जाई. रूपातून ओळख घडते, हे त्या रूढी चालवणाऱ्यांना समाजशास्त्रज्ञांच्या आधी ठाऊक होते.

पुढे घरातले वारे पालटले आणि आजीच्या वडिलांनी आत्याला केस वाढवायला सांगितले. तोवर ती पन्नाशीला आली होती. तिने नकार दिला. "आता केस आले तर ही कोण, ते मला कळायचे नाही," असे ती म्हणाल्याचे आजी सांगत असे. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनी मात्र, स्वतः केशवपन झालेल्या असूनही, पुढे विचारपूर्वक ती रूढी सोडली आणि केस राखले. एकाच काळातल्या या दोन बायका. आमच्या आत्याला घरातले लोक हट्टी म्हणत. मला तसे वाटत नाही. तिच्याजवळ तेवढी एकच ओळख शिल्लक ठेवली गेली होती आणि तीही काढून घेण्याची वेळ आली, तेव्हा तिने ती धरून ठेवली.

---

मुठाकाठ

मला सहाव्या वर्षापासून कोड आहे आणि आज मी एकेचाळीस वर्षांचा आहे. निरगुडीताई, आपल्या लेखनातल्या एका शब्दाशी माझे जुळत नाही. आपल्या कपाळावरचा रंग 'गेला' असे आपण लिहिता. माझे काही गेले, असे मला कधी वाटले नाही, कारण डागांआधीचा माझा चेहरा मला आठवतच नाही. स्वप्नात माझ्या हनुवटीवर डाग असतात.

शाळेत मला जे नाव पडले होते, ते येथे लिहीत नाही. वर्गात ज्या मुलाशेजारी मी बसत असे, त्याच्या आईने येऊन त्याची जागा बदलून घेतली होती, आणि मास्तरांनी ती बदलून दिली होती. हे सारे झाले. तरीही वयाच्या तिसाव्या वर्षी, उपचारांनी माझ्या डाव्या गालावर रंगाचे ठिपके येऊ लागले आणि वर्षभरात तो गाल जवळजवळ भरून आला, तेव्हा घरातल्यांनी पेढे वाटले आणि मी मात्र आठ-दहा दिवस बेचैन होतो. आरशातला तो गाल मला माझा वाटेना. कृतघ्नपणा वाटेल म्हणून मी हे आईला कधी सांगितले नाही.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांना एकत्र आणण्याचे काम करते. त्या स्वतः शल्यचिकित्सक आहेत आणि त्यांना स्वतःलाही कोड आहे. अशा एका मेळाव्यात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा सभागृहात शिरल्यावर कोणीही माझ्याकडे वळून पाहिले नाही. आयुष्यात प्रथमच मी एका खोलीत केवळ उशिरा आलेला माणूस होतो. आपण जमल्यास एकदा जावे. तेथे गेल्याने सगळे सुटेल असे मी म्हणणार नाही, पण आपली ती पहारेकरीण तेथे काय करते, ते पाहायला मिळेल.

---

अबोली

मी येथे टोपणनावाने लिहिते, म्हणूनच हे लिहिण्याचे धैर्य झाले. माझ्या मुलाच्या लग्नाच्या वेळी एक मुलगी आम्हा सर्वांना आवडली होती. तिच्या मावशीला कोड आहे असे कळले आणि मी 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप पाठवला. पत्रिका आम्ही पाहिलीच नव्हती. आज हा धागा वाचताना मला प्रथमच असे जाणवले की त्या घरात त्या मावशीने पुढच्या स्थळांच्या वेळी काय केले असेल. मुलीला नकार दिला, एवढेच मी आजवर धरून चालले होते. मी आणखी एका बाईला दाराआड पाठवले असेल, हे माझ्या मनात आले नव्हते.

---

निरगुडी (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. अबोलीताई, आपले लेखन मी तीनदा वाचले. आपल्यावर राग आला नाही, आणि या वेळी तो का आला नाही, हे मला ठाऊक आहे.

मुठाकाठ, आपल्या भरून आलेल्या गालाविषयी वाचून मी बराच वेळ थांबले. जुना चेहरा हाच खरा आणि नंतरचा म्हणजे त्याची मोडतोड, असे मी इतकी वर्षे मानत आले. आपल्याला उलट अनुभव आला, जुना वाड्यांच्या आत्याला तर केस येणेच परके वाटले. म्हणजे ज्या रूपात आपण लोकांमध्ये वावरायला शिकलो, त्यालाच मन धरून बसते, आणि माझी स्वप्नेसुद्धा कदाचित चौतीस वर्षांची सवय असतील. या विचाराने मला हलके वाटले. ऐसपैस यांना तो पटणार नाही.

गेल्या रविवारी पाहुणे आले. मलम लावले नाही आणि केसांची बटही ओढली नाही. पोहे मी केले, मीच नेऊन दिले. मुलाच्या आईची नजर माझ्या कपाळावर गेली, मग माझ्या हातांवर, आणि तेथून मुलीच्या नोकरीच्या वेळांकडे वळली. मी दिसत होते, आणि तरी बोलणे चालू राहिले. वाचनमात्र यांनी सांगितलेले सर्व मी पाठ करून ठेवले होते, पण कोणी विचारले नाही.

ते निघाले, तेव्हा सवयीने मी करंडा आणला आणि त्या बाईंना हळदकुंकू लावले. माझ्या बोटांची पेरे पांढरी आहेत, हे मला त्यांच्या कपाळाला बोट टेकल्यानंतर आठवले. त्यांनी करंडा माझ्या हातातून घेतला, बोटावर कुंकू घेतले आणि "लावू ना?" असे विचारले. मी म्हटले, "कपाळाला नको, मला त्रास होतो." त्यांनी ते बोट माझ्या मंगळसूत्राच्या वाट्यांना लावले.

त्यांचा निरोप अजून आलेला नाही.